रणगाड्याचा यंत्रमानव : घ्यावा की न घ्यावा?



गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण तिच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. भाचा तिसरीत आहे. घरात पाऊल टाकताच त्याने पिशवीतून हिरव्या प्लॅस्टिकचा एक रणगाडा काढला आणि माझ्या हातात ठेवला. तोफेची नळी लोंबत होती आणि एक हात खांद्यातून निखळला होता. रणगाड्याला हात कसा, असे कुणी विचारील. तर हा साधा रणगाडा नव्हे. त्याचे भाग ठराविक क्रमाने फिरवले की तो दोन पायांवर उभा राहतो आणि त्याचा यंत्रमानव होतो. पोरे त्याला 'ट्रान्सफॉर्मर' म्हणतात.

"दादा, हातगाडीवर अडीचशे रुपये दिले याचे," बहीण म्हणाली. "चार दिवस धड टिकला नाही. आता म्हणतो, शेजारच्या पोराकडे आहे तसा ओरिजिनल पाहिजे. तो तीन हजारांचा! ह्यांच्या पगारात बसतं का ते? तूच समजाव याला."

समजावणे सोपे असते. 'नाही म्हटलं ना!' म्हणून दटावले की मूल गप्प बसते. पण गप्प बसले म्हणजे समजले असे नव्हे. शिवाय ज्या वस्तूला आपण नाही म्हणतो, ती वस्तू काय आहे हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असते? म्हणून मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. बहिणीने शेजारणीला विचारून त्यांच्या मुलाचा रणगाडा दोन दिवसांसाठी माझ्याकडे पाठवला. मी कारकून माणूस. दोन्ही रणगाडे टेबलावर ठेवले, वही उघडली आणि जमा-खर्च मांडायला बसलो. तोच हिशेब आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे खेळणे आले कुठून?

१९६४ मध्ये अमेरिकेतील हॅसब्रो या कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. तशी ती बाहुलीच होती. हातपाय वळणारी, कपडे बदलता येणारी. पण मुलग्यासाठी बाहुली कोण घेणार? म्हणून कंपनीने 'डॉल' हा शब्द टाळला आणि 'ॲक्शन फिगर' असा नवा शब्द रूढ केला. नाव बदलताच बाहुली मुलग्यांच्या हातात गेली. पुढे नव्वदच्या दशकात फनस्कूल कंपनीने हेच सैनिक लहान आकारात आपल्या देशात तयार करून विकले. ज्यांची मुले आता तिशीत आहेत, त्यांना ते आठवत असतील.

जपानमध्ये टाकारा या कंपनीने याच सैनिकाची जपानी आवृत्ती काढली होती. त्यातून हळूहळू तिची स्वतःची यंत्रमानवांची खेळणी तयार झाली. १९७४ मध्ये 'मायक्रोमॅन' आणि १९८० मध्ये 'डायक्लोन' या मालिका आल्या. डायक्लोनमधल्या मोटारी, जीप, विमाने उलगडून यंत्रमानव होत असत. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. या यंत्रांसाठी इंचभर उंचीचा एक छोटा माणूस असे. त्याच्या पायांत लोहचुंबक असे, आणि मोटारीत त्याला बसायला जागा असे. यंत्र केवढेही असो, ते चालवणारा माणूस होता.

१९८४ मध्ये हॅसब्रोने ही जपानी खेळणी घेतली आणि 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने अमेरिकेत विकायला काढली. त्या वेळी गोष्ट बदलली आणि छोटा माणूस वगळला गेला. नव्या गोष्टीत यंत्रेच जिवंत झाली. सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरून आलेले ऑटोबॉट हे भले आणि डिसेप्टिकॉन हे दुष्ट, असे दोन पक्ष ठरले. प्रत्येक यंत्राला नाव, स्वभाव आणि स्वतःची इच्छा मिळाली. त्याच वर्षी टीव्हीवर कार्टून मालिका सुरू झाली आणि चित्रकथेची मासिकेही निघाली. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे निर्बंध १९८४ मध्येच सैल झाले होते. त्यामुळे अर्ध्या तासाची मालिका ही अर्ध्या तासाची जाहिरात झाली, अशी टीका तिथल्या पालकांनीच केली.

लष्करी वाहने यात पहिल्यापासून आहेत. १९८४ च्या पहिल्या तुकडीतला हाउंड हा मित्सुबिशीच्या लष्करी जीपचा यंत्रमानव होता. तो भल्यांच्या बाजूचा. १९८५ चा वॉरपाथ हा रणगाडा, तोही भल्यांचाच. १९८६ मध्ये दुष्टांच्या बाजूने पाच जणांची टोळी आली: क्षेपणास्त्राचा ट्रक, रणगाडा, जीप, हेलिकॉप्टर आणि अंतराळयान. हे पाचही एकमेकांना जोडले की ब्रूटिकस नावाचा एकच मोठा यंत्रमानव होई. दुष्टांचा पुढारी मेगाट्रॉन हा सुरुवातीला चक्क पिस्तूल होता. १९८८ मध्ये अमेरिकेत खेळण्यातले पिस्तूल खरे वाटू नये म्हणून त्याला ठळक खूण करण्याचा कायदा झाला. १९९३ मध्ये मेगाट्रॉन बाजारात आला तो रणगाडा होऊन.

टेबलावरची परीक्षा

माझ्यापुढचा ओरिजिनल रणगाडा म्हणजे 'ब्रॉल'. २००७ साली ट्रान्सफॉर्मर्सचा मोठा इंग्रजी चित्रपट आला. त्याच्या चित्रीकरणाला अमेरिकी सैन्याने सहकार्य केले होते. त्यातला हा रणगाडा 'एम-१ अब्राम्स' या अमेरिकी रणगाड्यावर बेतलेला आहे. गंमत अशी की चित्रपटात त्याचे नाव 'डिव्हॅस्टेटर' असे दाखवले गेले आणि खेळण्याच्या खोक्यावर 'ब्रॉल' छापले. माझ्याकडे आलेले खेळणे त्याच चित्रपटावरच्या, २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टुडिओ सीरिज'मधले. उभा केला की उंची साधारण साडेसहा इंच. खोक्यावर वय लिहिले आहे आठ आणि पुढे. सोबत मागे उभे करायला चित्राचा पुठ्ठा मिळतो.

आता गुण सांगतो. सूचनांच्या कागदावर वाक्ये जवळजवळ नाहीत. चित्रे आणि बाण आहेत. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा रणगाड्याचा यंत्रमानव करायला मला चाळीस मिनिटे लागली. एका ठिकाणी अडलो आणि जोर लावू लागलो, तसा भाचा ओरडला, "मामा, जोर नको लावू! आधी पाय उलगड, मग हात. नाहीतर अडकतो तो." त्याचे बरोबर होते. त्याला स्वतःला पहिल्या वेळी बारा मिनिटे लागली, संध्याकाळपर्यंत तीन.

याची किंमत कमी लेखू नये. चित्र पाहून वस्तू हाताने जुळवणे, कोणता भाग आधी आणि कोणता नंतर हे ध्यानात ठेवणे, अडले तर जोर न लावता एक पायरी मागे जाणे, ही कारागिराची शिस्त आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपात, गॅरेजमध्ये हेच करीत आले. फिटरचा हात असाच तयार होतो. 'खेळण्यातून काय शिकणार?' असे म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः हा रणगाडा उभा करून पाहावा.

आता उणे बाजू. रणगाडा म्हणून हे खेळणे बेताचेच. पट्टे फिरत नाहीत. ते एकसंध प्लॅस्टिकचे असून खाली लहान चाके आहेत. मातीत, वाळूत त्याचा उपयोग नाही. तिथे पन्नास-साठ रुपयांचा प्लॅस्टिकचा ट्रक यापेक्षा चांगला चालतो. यंत्रमानवाची घडी एकदा पाठ झाली की नवलाई संपते. पुढे गोष्ट मुलाने स्वतः रचली तरच खेळ चालू राहतो. आणि गोष्ट रचायला मोकळीक कमी, कारण नाव, स्वभाव, शत्रू हे सर्व आधीच खोक्यावर ठरून आलेले आहे. एक घेतला की दुसऱ्याचे चित्र समोर येते, हा आणखी एक खर्च.

हातगाडीवरच्या नकलेबद्दल थोडक्यात सांगतो. सांध्याची भोके सैल, कडा बोटाला लागतील अशा, प्लॅस्टिकला उग्र वास, खोक्यावर ना वय ना कंपनीचा पत्ता. घडी घालताना दोन भाग एकमेकांवर घासत होते, म्हणजे तो मोडणारच होता. बहिणीला वाटले पोराने धसमुसळेपणा केला म्हणून मोडला, आणि तिने त्याला दोन धपाटे दिले. पोराचा त्यात दोष नव्हता. मी तसे तिला सांगितले तेव्हा भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरणार नाही.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, लहान सुटे भाग. तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळणी तपासताना सुमारे सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो भाग त्या नळीत पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असे मानतात. या यंत्रमानवांच्या बंदुका आणि मिसाईल तेवढ्याच आकाराच्या असतात. मोठ्या मुलासाठी आणलेले खेळणे रांगत्या बाळाच्या हाती लागणे, हा एका खोलीच्या घरातला खरा धोका आहे. खेळून झाले की सर्व भाग मोजून डब्यात ठेवायची सवय मुलालाच लावावी.

दुसरी गोष्ट, स्प्रिंगने सुटणारी मिसाईल. १९७८-७९ च्या सुमारास अमेरिकेत मॅटेल कंपनीच्या एका अंतराळयानाच्या खेळण्यातून सुटलेले प्लॅस्टिकचे मिसाईल घशात अडकून एक लहान मुलगा दगावला. तेव्हापासून तिकडे अशा खेळण्यांबाबत सावधगिरी वाढली. जपानी यंत्रमानव अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्या स्प्रिंगा मुद्दाम कमजोर केल्या गेल्या. नकली मालात अशी काळजी कोण घेणार?

तिसरी गोष्ट, आय.एस.आय. खूण. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे. दुकानदाराला ती दाखवायला सांगायला लाजू नये. ज्या पैशाने आपण घेतो तो घामाचा असतो.

पैशांचा हिशेब

नक्कल अडीचशेची, टिकली चार दिवस. म्हणजे रोजचे साडेबासष्ट रुपये. ओरिजिनल तीन हजारांचा. मूल आठवड्यातून तीन दिवस खेळले आणि दोन वर्षे टिकला, तर सुमारे तीनशे दिवस. म्हणजे रोजचे दहा रुपये. कागदावर महागच स्वस्त ठरतो. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली, हेही त्या किमतीमागचे एक कारण.

पण बंधूंनो, कागदावरचा हिशेब आणि घरातला हिशेब एक नसतो. रोजचे दहा रुपये रोज द्यायचे नसतात. तीन हजार एकाच दिवशी घरातून जातात. त्याच महिन्यात शाळेची फी, वह्या, आजीचे औषध असते. ज्या घरात तीन हजारांनी महिन्याचा किराणा येतो, तिथे हे खेळणे घेऊ नये, आणि घेतले नाही म्हणून आई-वडिलांनी मनाला लावूनही घेऊ नये. मुलाला मात्र खरे कारण सांगावे. 'ते वाईट आहे' असे खोटे सांगू नये. 'चांगले आहे, पण आज आपल्याला परवडत नाही' हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला नीट समजते.

रिकामी जागा

दुसऱ्या दिवशी भाच्याने रणगाडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "मामा, पण याचा ड्रायव्हर कुठे बसतो?"

मी सांगितले, "याला ड्रायव्हर नाही. हा स्वतःच चालतो."

"मग खऱ्याला?"

मला उत्तर देता येईना. आमच्या गल्लीत फौजेतून दफादार म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते विजयंता रणगाड्यावर ड्रायव्हर होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी खेळणे हातात घेऊन हसून पाहिले, मग भाच्याला जवळ बसवून घेतले.

"आम्ही चौघं असायचो बाळा," ते म्हणाले. "एक कमांडर, एक तोफ चालवणारा, एक गोळा भरणारा आणि मी ड्रायव्हर. झाकण लावलं की बाहेरचं जग वीतभर काचेतून दिसायचं. उन्हात पत्र्याला हात टेकवत नसे. कानात कमांडरचा आवाज, बाकी नुसता इंजिनाचा दणका."

"आजोबा, तुमचा रणगाडा चांगल्यांचा होता की वाईटांचा?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रणगाडा कुणाचाच नसतो रे. तो लोखंड असतो. हुकूम माणूस देतो आणि माणूसच पाळतो. आणि समोरचा रणगाडा दिसतो ना, त्याच्या आतही चौघंच बसलेले असतात. त्यांच्याही घरी पोरं असतात."

परत येताना भाचा गप्प होता. मीही.

माझ्या हिशेबाच्या वहीत जी बाब मला सापडत नव्हती, ती काकांनी दिली. या खेळण्याचा खरा दोष तोफ हा नाही. मुले काठीचीही बंदूक करतात. दोष हा की यात रणगाडा स्वतः विचार करतो, स्वतः चिडतो, स्वतः गोळा सोडतो; चालवणारा माणूस त्यात नाहीच. जपानी खेळण्यातली ती इंचभर माणसाची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर कुणी बसत असे हेही मुले विसरली. खऱ्या जगात असा एकही रणगाडा झाला नाही जो माणसांच्या मनात नसताना युद्धावर गेला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे वापरले, तेव्हा एकेका गाड्यात आठ माणसे कोंबलेली होती. गुपित फुटू नये म्हणून त्या गाड्यांना पाण्याची टाकी, म्हणजे 'टँक', असे खोटे नाव दिले होते. तेच पुढे कायम झाले. साठ टनांच्या घरातल्या अब्राम्समध्येही चारच माणसे बसतात. लोखंड कितीही वाढले तरी जबाबदारी त्या माणसांची आणि त्यांना पाठवणाऱ्यांचीच राहते.

हे मुलाला सांगायला व्याख्यान लागत नाही. खेळताना जवळ बसून एकच प्रश्न विचारावा: 'आत कोण बसलंय?' पुढची गोष्ट मूल स्वतः रचते.

ज्यांना जमेल त्यांनी एक काम जरूर करावे. अहिल्यानगरला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरला, सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. वेगवेगळ्या देशांची सुमारे पन्नास वाहने मैदानात उभी आहेत. १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटन रणगाडाही त्यांत आहे. आम्ही मागच्या महिन्यात एस.टी.ने जाऊन आलो. पॅटनच्या पट्ट्यापाशी भाचा उभा राहिला तेव्हा त्याचे डोके जेमतेम चाकांच्या वर येत होते. त्याने वरच्या झाकणाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "यातून आत जायचे ना ते चौघं?"

तर निर्णय काय? माझे मत असे. सहा वर्षांखालील मुलाला हे खेळणे देऊ नये. आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला किंवा मुलीला (होय, मुलीलाही, तिच्या बोटांनाही स्क्रू आणि सांधे कळू द्या) परवडत असेल तर एकच, चांगल्या प्रतीचे द्यावे. आय.एस.आय. खूण नसलेली नक्कल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. तेवढ्या पैशात एक चेंडू आणि दोन गोष्टींची पुस्तके येतात. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावे आणि मुलांनी आठवडा आठवडा वाटून खेळावे.

आमच्या भाच्याला अजूनही तो रणगाडा हवाच आहे. संग्रहालय पाहून हौस फिटली असे मी म्हटले तर ते खोटे होईल. बहीण आणि शेजारीण यांनी मिळून तोडगा काढला आहे. वार्षिक परीक्षेनंतर हिने लष्करी जीपचा लहान यंत्रमानव घ्यायचा, निम्मे पैसे भाच्याच्या डब्यातले. आणि दोन्ही मुलांनी रणगाडा व जीप अदलाबदल करून खेळायचे. मागच्या रविवारी ती किंमत विचारायला दुकानात गेली होती. दुकानदाराने जीप काढून दाखवली, तर आमच्या भाच्याचा पहिला प्रश्न होता, "काका, यात बसायला जागा आहे का?"

दुकानदार हसला, म्हणे खेळण्यात कोण बसणार. बहिणीने फोनवर हे मला सांगितले तेव्हा ती मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "दादा, तो घरी येऊन मातीची चार माणसं करत बसलाय."